शेजारच्या मुलाचे गुण

इचलकरंजीत यंत्रमाग कामगाराला मजुरी मिळते ती मीटरवर. सूत खराब असले की धागा वारंवार तुटतो, माग थांबतो, कापड कमी निघते. मालक म्हणतो, "शेजारच्या मागावरचं बघ!" आम्ही म्हणतो, "आधी सूत बघा." पण दहावीचा निकाल लागला की घरी आम्हीच मालक होतो! शेजाऱ्याच्या मुलाचे गुण ऐकून मी मुलीला बोललो. ती त्या रात्री जेवली नाही.

असे का होते? लिऑन फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडले, की दुसरे माप नसले म्हणजे माणूस आपल्यासारख्यांशी तुलना करून स्वतःला जोखतो. आईबापपणाला माप कुठले? म्हणून आपण मुलांच्या गुणांनी स्वतःलाच मोजतो.

शेजारी पेढे घेऊन आला, तर आनंदाने खावा. घरात वळल्यावर मात्र आधी सूत बघावे.