लॅपलँडच्या दलदलीतली देवयानी

१२ मे १७३२ रोजी स्वीडिश वनस्पतिज्ञ कार्ल लिनियस उप्सालाहून घोड्यावर बसून उत्तरेकडे निघाला. वय पंचविशीचं, अंगात चामड्याची विजार, कमरेला आखूड तलवार. सामानात भिंग, दौत, कागद आणि डासांसाठी तोंडावर ओढायची जाळी. जायचं होतं लॅपलँडला, तेही जवळजवळ एकट्याने.

जूनच्या सुरुवातीला, लिक्सेले गावाच्या पुढे, वाटच संपली. बर्फ वितळून दलदल तुडुंब भरली होती. वर शेवाळाचा हिरवा थर. पाय ठेवला की खचायचा आणि बुटांत बर्फगार पाणी शिरायचं. वाटाड्या मदत शोधायला गेला आणि तिथल्या सामी जमातीच्या एका बाईला घेऊन आला. या पोराची दशा बघून तिला कीवच आली. कुठल्या नशिबाने तुला इथे आणलं, असं विचारून तिने परत फिरायचा सल्ला दिला. नरकाचं वर्णन करणाऱ्या पाद्र्यालाही याहून वाईट काही सुचणार नाही, अशा अर्थाचं लिनियसने रोजनिशीत लिहिलं आणि मुकाट्याने माघारी वळला.

त्याच महिन्यात, तशाच पाणथळीत, तो एका झुडपापाशी थबकला. उंची वीतभर, फार तर हातभर. पानं अरुंद, कडा खाली मुडपलेल्या, पाठ पांढुरकी. शेंड्याला लालसर देठांवर फुलांचा झुबका, आणि प्रत्येक फूल मान खाली घालून लोंबणारं, तोंडाशी आवळलेल्या इवल्या मडक्यासारखं. कळी रक्तासारखी लाल, उमललं की गुलाबी.

झुडूप नवं नव्हतं. बुक्सबाउम या जर्मन वनस्पतिज्ञाने त्याचं वर्णन आधीच केलं होतं. मग शोध कसला? माझ्या मते, बघण्याचा. लिनियसला तिथे अँड्रोमिडा दिसली: आईने तिच्या रूपाची फुशारकी मारली म्हणून समुद्रातल्या खडकाला साखळदंडांनी जखडलेली, सागरी राक्षसाच्या तोंडी दिलेली ग्रीक राजकन्या. झुडूपही पाण्यातल्या उंचवट्यावर अडकलेलं, मान खाली, भोवती बेडूक आणि सरपटणारे जीव. रोजनिशीत त्याने दोन्ही चित्रं शेजारी शेजारी काढली. एकीकडे खडकाला बांधलेली मुलगी आणि राक्षस, दुसरीकडे झुडूप आणि पालीसारखा चिमुकला प्राणी. चित्रकला बेताचीच, पण गंमत पुरेपूर.

(आपल्या आकाशातही अँड्रोमिडा आहेच, आपण तिला देवयानी म्हणतो. तिची आई कॅसिओपिया आपल्याकडे शर्मिष्ठा, आणि सुटका करणारा पर्सियस म्हणजे ययाति. ययातीने देवयानीला विहिरीतून वर काढलं होतं. इथेही पाणी आहेच.)

विद्वानाने असं कवित्व करावं का, हा प्रश्न रास्त आहे. पण १७३७ साली आम्स्टरडॅमला छापलेल्या 'फ्लोरा लॅपोनिका'त त्याने रूपक पुढे नेलं. पर्सियस म्हणजे उन्हाळा: तो पाणी आटवतो, राक्षसांचा नायनाट करतो आणि मग फळ धरलेली अँड्रोमिडा मान ताठ करते. आता झुडपाकडे बघा. फूल फळलं की लोंबता देठ खरोखर सरळ होतो आणि फळ वर तोंड करून उभं राहतं. कथा रचताना त्याने निरीक्षणात काडीची सूट घेतली नव्हती. १७५३ मध्ये 'अँड्रोमिडा पोलिफोलिया' हे नाव पक्कं झालं.

एक गोष्ट मात्र या रूपकात बसत नाही. ही राजकन्या असहाय मुळीच नाही. झुडपात विष आहे, आणि त्याला पुढे तिच्याच नावावरून अँड्रोमिडोटॉक्सिन म्हणू लागले. मज्जापेशींत सोडियम आत सोडणारी दारं हे विष बंदच होऊ देत नाही. मग उलट्या होतात, नाडी मंदावते. नेपाळातल्या गुरासाच्या, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच्या, मधाने माणसं गरगरतात ती याच जातीच्या विषाने.

लिनियसने अँड्रोमिडा या प्रजातीत बरीच भावंडं कोंबली होती. १८३४ साली डेव्हिड डॉनने त्यांची वाटणी केली आणि उंच डोंगरांवरच्या एका गटाला नाव दिलं कॅसिओपी, म्हणजे थेट राजकन्येची आई. तिची एक जात हिमालयात उंचावर फुलते. आणि कुमाऊँ-गढवालचा अंयार, ज्याचा कोवळा पाला शेळ्यांना बाधतो, तोही एके काळी अँड्रोमिडाच म्हणवला जाई. आज त्याला लायोनिया म्हणतात.