विमानतळावरील तपासणी आणि आपला रुग्ण

आपल्या तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक माझे जुने रुग्ण आहेत. गुदाशयाच्या कर्करोगासाठी मी त्यांची शस्त्रक्रिया केली आणि पोटावर मलविसर्जनाचा कृत्रिम मार्ग, म्हणजेच कोलोस्टोमी, करून दिला. पोटावर चिकटवलेली पिशवी सांभाळत गुरुजी शेतावर जातात, देवळात भजनाला बसतात, आठवड्याचा बाजारही करतात. दिल्लीला असलेल्या मुलीकडे ते प्रथमच विमानाने गेले, ते माझ्या सल्ल्यावरून. रेल्वेचा प्रवास लांबचा, डब्यात पिशवी बदलण्याची सोय नीट होत नाही. तेव्हा विमान बरे, असे मीच म्हटले होते.

परत आल्यावर ते दवाखान्यात आले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पुन्हा विमान नको. आणि दिल्लीही नको."

खोदून विचारल्यावर हकीकत कळली. एका मोठ्या शहराच्या विमानतळावर तपासणी करणाऱ्या जवानाच्या हाताला सदऱ्याखालची पिशवी लागली. त्याने हिंदीत विचारणा केली. गुरुजींची मराठी आणि कन्नड उत्तम. परंतु पोटावरच्या पिशवीला हिंदीत काय म्हणावे, हे त्या घाईत त्यांना सुचेना. मागे रांग वाढत होती. अखेर त्यांनी तिथेच, सर्वांच्या देखत, सदरा वर केला. "चाळीस वर्षे मुलांसमोर उभा राहिलो, पण असा कधी उभा राहिलो नव्हतो," एवढेच ते बोलले.

मला त्या यंत्रणेचा राग आला, हे कबूल करतो. रात्री मात्र एक गोष्ट मनाला टोचू लागली. शस्त्रक्रिया माझी, विमानाचा सल्लाही माझा, आणि गुरुजींच्या खिशात माझी दोन ओळींची चिठ्ठी नव्हती. ती देण्याचे मला सुचलेच नाही. या लेखाचे निमित्त तेवढेच. विमानतळावरील नियम इतके कडक का झाले, निरपराध माणसालाच त्यांचा जाच का होतो, आणि त्यात आपण डॉक्टर मंडळी काय करू शकतो, याचा थोडा विचार येथे मांडतो.

नियम कोठून आले?

रांगेत उभे राहिलेल्या प्रवाशाला प्रत्येक नियम हा कोणा अधिकाऱ्याची लहर वाटतो. पट्टा काढा, खिसे रिकामे करा, लॅपटॉप वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा, लोणच्याची बरणी येथेच सोडा. वस्तुतः यातील बहुतेक नियमांच्या मागे एकेक दुर्घटना उभी आहे.

१० सप्टेंबर १९७६ रोजी दिल्लीहून मुंबईकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान लाहोरला पळवून नेण्यात आले. त्यानंतर नेमलेल्या समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान सुरक्षा विभाग स्थापन झाला. पुढे २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे 'कनिष्क' हे विमान आयर्लंडजवळ समुद्रावर स्फोट होऊन कोसळले आणि ३२९ जण मृत्युमुखी पडले. ज्या प्रवाशाच्या नावाने बॉम्बची बॅग चढवली गेली, तो प्रवासी विमानात बसलाच नव्हता. प्रवासी आला नाही तर त्याचे सामान उतरवून घेईपर्यंत विमान खोळंबते आणि आपण घड्याळाकडे पाहत चरफडतो. त्या खोळंब्याची मुळे या घटनेत आहेत. १ एप्रिल १९८७ पासून सुरक्षा विभागाला स्वतंत्र दर्जा मिळाला.

२४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीकडे येणारे विमान शस्त्रधाऱ्यांनी कंदाहारला नेले. त्यानंतर २००० साली जयपूरपासून सुरुवात करून देशातील विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवण्यात आली. ११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेतील हल्ल्यांनंतर तर जगभरच तपासणीचे स्वरूप पालटले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पॅरिसहून मायामीला जाणाऱ्या विमानात एका प्रवाशाने बुटात दडवलेली स्फोटके पेटवण्याचा प्रयत्न केला. बूट काढण्याची पद्धत त्यातून आली. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून निघणारी विमाने द्रवरूप स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीस आला आणि प्रामुख्याने आंतरराष्ट्रीय प्रवासात १०० मिलिलिटरची मर्यादा लागू झाली. आपल्या घरचे तूप, मध आणि कैरीचे लोणचे त्या कटाचे आजतागायत प्रायश्चित्त घेत आहे!

ओटीच्या नारळाचे उदाहरण आपल्याकडे नेहमी घडणारे. देवीचा प्रसाद म्हणून मुलाकडे नेलेले खोबरे हातातील सामानातून काढून घेतले की घरातील वडीलधाऱ्यांना ती देवाची अवहेलना वाटते. कारण मात्र साधे आहे. वाळलेल्या खोबऱ्यात तेलाचे प्रमाण भरपूर असते आणि ते ज्वलनशील पदार्थांत मोडते. शबरीमलाच्या यात्रेकरूंसाठी २०२४-२५ च्या हंगामात २० जानेवारी २०२५ पर्यंत इरुमुडीतील नारळ केबिनमध्ये नेण्याची खास सवलत देण्यात आली होती, तीही योग्य त्या तपासणीनंतरच.

नियम केवळ वाढतच जातात असेही नाही. हातातील बॅगेच्या चिठ्ठीवर शिक्का मारण्याची पद्धत २०१७ पासून आपल्या मोठ्या विमानतळांवर बंद होत गेली. अमेरिकेत बूट काढण्याची सक्ती जुलै २०२५ मध्ये उठवण्यात आली. यंत्रे सुधारली की नियम सैल होतात. फक्त घट्ट होण्याचा वेग अधिक असतो, एवढेच.

चाळणी चाचणीचे गणित

तरीही प्रश्न उरतोच. दहशतवादी एखादा, आणि जाच सर्वांना का? डॉक्टरांना याचे उत्तर समजणे अवघड जाऊ नये, कारण विमानतळावरील तपासणी ही शुद्ध स्वरूपाची चाळणी चाचणी आहे.

आजार जितका दुर्मिळ, तितके चाचणीचे खोटे 'पॉझिटिव्ह' अधिक, हे आपण वैद्यकीय महाविद्यालयातच शिकतो. २०२४ मध्ये भारतात देशांतर्गत विमानप्रवास करणाऱ्यांची संख्या सोळा कोटींवर गेली. समजा, यंत्राने शंभरात केवळ एका निरपराध माणसावर चुकीची खूण केली, तरी सोळा लाख माणसे बाजूला काढली जातील. आणि त्यांतील जवळजवळ प्रत्येक जण निर्दोष असेल. यंत्राची संवेदनशीलता कमी करावी, तर एखादा खरा धोका निसटण्याची भीती. आपणही कर्करोगाची शंका आली की दहा जणांच्या गाठीचा तुकडा तपासतो, नऊ निर्दोष निघतात, आणि त्या नऊ जणांनी चार रात्री जागून काढलेल्या असतात.

शस्त्रक्रियेत पोट शिवण्यापूर्वी आपण मॉप मोजतो. सर्व मोजणी बरोबर असतानाही पुन्हा मोजतो. आजवर एकही मॉप आत राहिला नाही, म्हणून मोजणे सोडून द्यावे, असे कोणी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी सुरक्षा-यादी प्रसिद्ध केली, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी त्या 'कारकुनी'बद्दल नाके मुरडली होती. सबब, तपासणी नको असे म्हणण्याचा अधिकार निदान आपल्याला तरी नाही.

आक्षेप आहे तो वेगळ्या ठिकाणी. खोटे 'पॉझिटिव्ह' लॉटरीप्रमाणे सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाहीत. गुडघ्यात धातूचा सांधा असलेली आजी, कृत्रिम पाय लावलेला तरुण, पेसमेकरवाले काका, पोटावर पिशवी असलेले गुरुजी, यांच्याच वाट्याला ते प्रत्येक प्रवासात येतात. प्रसिद्ध नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये, दर वेळी विमानतळावर कृत्रिम पाय काढावा लागतो, ही वेदना जाहीरपणे मांडली. सुरक्षा दलाने त्यांची क्षमा मागितली आणि नियमानुसार कृत्रिम अवयव केवळ अपवादात्मक परिस्थितीतच काढण्यास सांगावे, असे स्पष्ट केले. नियम माणुसकीचा होता. तो त्या क्षणी, त्या रांगेत पोहोचला नव्हता.

रुग्णाला काय सांगावे?

पेसमेकर : दारासारख्या चौकटीतून नेहमीच्या चालीने जाण्यास हरकत नाही, तिथे रेंगाळू नये. हातातील यंत्र छातीवर धरून ठेवू देऊ नये. पेसमेकरचे ओळखपत्र दाखवून हाताने तपासणी करण्याची विनंती करावी.

कृत्रिम सांधे : चौकटीतील चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत सूक्ष्म विद्युत्प्रवाह निर्माण होतो आणि यंत्र वाजते. यात सांध्याला कसलीही इजा होत नाही. वाजण्यापूर्वीच सांगितलेले बरे.

इन्सुलिन : ते तपासणीच्या भीतीने मोठ्या बॅगेत टाकून देणारे रुग्ण मी पाहिले आहेत. हे घातक आहे. सामानाच्या कक्षात इन्सुलिन गोठण्याचा संभव असतो, आणि बॅगच हरवली तर पुढचा प्रश्न गंभीर होतो. इन्सुलिन, सुया आणि चिठ्ठी केबिनमधील पिशवीतच ठेवावी. क्ष-किरण यंत्रातून गेल्याने इन्सुलिन बिघडत नाही. इन्सुलिन पंप किंवा शरीराला लावलेला शर्करामापक असल्यास मात्र उत्पादकाची सूचना पाहावी. आवश्यक द्रवरूप औषधांना आणि तान्ह्या बाळाच्या दुधाला १०० मिलिलिटरच्या मर्यादेतून सूट मिळते. ती वेगळी काढून दाखवावी लागतात.

कोलोस्टोमी : निघण्यापूर्वी पिशवी रिकामी करावी, कारण उंचीवर हवेचा दाब कमी होऊन पिशवी फुगते. जादा पिशव्या जवळ ठेवाव्यात, आणि त्यांची तोंडे घरीच कापून घ्यावीत. कात्री जप्त होण्याची शक्यता असते.

किरणोत्सारी औषधे : थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन घेतलेल्या रुग्णामुळे काही विमानतळांवरील किरणोत्सारमापक यंत्रे कित्येक आठवडे वाजू शकतात. उपचाराची तारीख असलेले पत्र अशा रुग्णाजवळ असलेच पाहिजे.

प्राणवायू : स्वतःचा सिलिंडर परस्पर नेता येत नाही. विमान कंपनीला आधी कळवून, तिचा वैद्यकीय अर्ज भरून मान्यता घ्यावी लागते. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या मोठ्या बॅगेत नव्हे, केबिनमध्येच न्याव्यात.

आणि सर्वांत महत्त्वाचे : पडद्याआड तपासणी करा, अशी विनंती करता येते. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळेच गुरुजींनी रांगेत सदरा वर केला.

चिठ्ठी कशी असावी?

ती अर्ध्या पानाची, इंग्रजीत आणि हिंदीत असावी. आपल्या लेटरहेडवर नोंदणी क्रमांक, तारीख, रुग्णाचे नाव, उपकरणाचे किंवा शस्त्रक्रियेचे नाव, ते शरीरावर कोठे आहे, ते काढता येते की नाही, आणि औषधांची मूळ नावे, एवढे पुरे. आजाराचा संपूर्ण इतिहास लिहू नये. तो जवानाला वाचायला वेळ नसतो आणि रुग्णाची गुप्तताही राहत नाही. या चिठ्ठीने तपासणी माफ होत नाही, हे रुग्णाला स्पष्ट सांगावे. चिठ्ठीमुळे समोरच्याला काय शोधायचे ते कळते आणि संशयाची जागा माहिती घेते. सीमाभागातील आपल्या वडीलधाऱ्यांना हिंदी सफाईने बोलता येतेच असे नाही. म्हणून तर कागदाचे महत्त्व अधिक.

गुरुजींच्या नातीचे लग्न दिल्लीला ठरले, तेव्हा ते जायला तयार नव्हते. मी त्यांना चिठ्ठी दिली, आणि दवाखान्यात आमच्या कंपाउंडरला जवान बनवून दोनदा तालीमही घेतली. "मेरे पेट का ऑपरेशन हुआ है, यहाँ थैली लगी है, कृपया अलग से देख लीजिए," हे वाक्य गुरुजींनी शाळेतल्या कवितेसारखे पाठ केले. सांबऱ्याला निघताना चिठ्ठी वरच्या खिशात असल्याची त्यांनी तीनदा खात्री केली, असे त्यांच्या सूनबाईंनी सांगितले.

परतल्यावर ते लग्नाचे लाडू घेऊन आले. तपासणी झाली का, असे मी विचारले. "झाली की! पण पडद्याआड नेले, आणि हात लावण्यापूर्वी विचारले," असे म्हणून ते नातजावयाच्या नोकरीविषयी बोलू लागले.

आपल्या सोसायटीने अशा चिठ्ठीचा दोन भाषांतील नमुना छापून घ्यावा आणि प्रत्येक सभासदाच्या टेबलावर ठेवावा, अशी माझी नम्र सूचना आहे. रुग्ण प्रवासाला निघाला असे कळले की औषधांबरोबर तीही द्यावी. लिहायला पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे मी एकदा दिली नव्हती, म्हणून हे लिहिण्याचे धाडस केले.