वजन उचलायला वयाची अट नाही

“मी रोज पाऊण तास चालतो, मला वेगळ्या व्यायामाची काय गरज?” साठीच्या आसपासच्या कुणाशीही तब्येतीचा विषय काढा, हे वाक्य हमखास ऐकू येतं. चालणं उत्तमच आहे. हृदय, रक्तदाब, झोप, सगळ्यालाच त्याचा फायदा होतो आणि ते कुणीही सोडू नये. पण चालताना स्नायूंवर पडणारा भार रोजच्या सवयीचा असतो आणि तेवढ्याने ताकद वाढत नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण ३ ते ८ टक्के घटतात, साठीनंतर ही घट वेग घेते आणि ताकद त्याहूनही भरभर उतरते. जमिनीवरून उठताना आधी एक हात टेकावा लागतो, मग दोन्ही, मग कुणीतरी हात द्यावा लागतो. पुढे खाली बसणंच बंद होतं. याला आपण ‘वय झालं’ म्हणून मोकळे होतो. खरं तर यातला बराच भाग स्नायू न वापरल्याचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे, आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायामही. पहिला केला म्हणून दुसरा माफ होत नाही.

“पण आता या वयात?” या शंकेला १९९० साली बोस्टनमध्ये सडेतोड उत्तर मिळालं. डॉ. मारिया फियातारोने यांनी वृद्धांच्या शुश्रूषागृहातले दहा जण निवडले. सरासरी वय ९० वर्षं, प्रकृती नाजूक. त्यांच्याकडून आठवड्यातून तीनदा मांड्यांचा वजनी व्यायाम करून घेतला, तोही लुटुपुटूचा नाही. एका वेळी जास्तीत जास्त जेवढं वजन उचलता येतं त्याच्या ८० टक्क्यांपर्यंतचा. आठ आठवड्यांत मांडीच्या स्नायूंची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली आणि दोघांची काठी सुटली. चार वर्षांनी याच संशोधकांनी शंभर वृद्धांवर मोठा प्रयोग केला. त्यात काहींना फक्त पोषक पेय दिलं होतं. त्यांच्या स्नायूंचा अशक्तपणा तसाच राहिला. ताकद वाढली ती व्यायाम करणाऱ्यांची. आईवडिलांच्या गोळ्यांचा डबा वेळच्या वेळी भरणारे, त्यांना टॉनिक आणून देणारे आपण त्यांच्या मांड्यांच्या ताकदीची कधी चौकशी करत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

बायकांच्या बाबतीत तर भीती वेगळीच: वजनं उचलली की अंग पुरुषी होईल. स्नायू फुगायला टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक मोठा हातभार लावतं आणि स्त्रियांच्या शरीरात ते पुरुषांच्या मानाने अगदी थोडं असतं. त्यामुळे ताकद भरपूर वाढते, आकार बेताने. पाळी गेल्यावर हाडं झपाट्याने ठिसूळ होऊ लागतात. त्या वयात तर वजनी व्यायाम टाळणं महागात पडतं. ऑस्ट्रेलियात अशा १०१ स्त्रियांवर ‘लिफ्टमोर’ नावाचा अभ्यास झाला. सगळ्यांची हाडं आधीच विरळ झालेली होती. त्यातल्या एका गटाने तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आठ महिने, आठवड्यातून दोनदा अर्धा तास, चांगली जड वजनं उचलली. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्के घटली. अर्थात हाडं ठिसूळ असताना हा प्रयोग एकटीने घरी करू नये. देखरेख हा त्या अभ्यासाचा महत्त्वाचा भाग होता.

“मी तर सडपातळ, मला कशाला?” हा गैरसमज आपल्या मातीत विशेष घातक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं की, आपली माणसं दिसायला बारीक असली तरी त्यांच्या अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. पुणे परिसरातली नवजात बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाला बरीच कमी भरली, पण चरबीच्या बाबतीत तेवढी मागे नव्हती. मधुमेहाशी याचा थेट संबंध आहे, कारण जेवणानंतर रक्तात येणारी साखर मोठ्या प्रमाणात स्नायूच उचलतात. काम करणारा स्नायू तर इन्सुलिनची वाट न पाहताही साखर आत ओढून घेतो. म्हणजे काट्यावर वजन योग्य दिसलं तरी स्नायू पुरेसे आहेत असं समजू नये.

वजनं उचलल्याने मुलांची उंची खुंटते, हेही खरं नाही. नीट शिकवून, पेलतील एवढ्या भाराने केलेल्या व्यायामाने वाढ थांबत नाही, उलट हाडं बळकट होतात. ५ ते १७ वयोगटाला आठवड्यातून तीन दिवस तो करायला सांगितला जातो. तालमीतली पोरं लहानपणापासून जोर-बैठका मारतच आली आहेत. गुडघे दुखतात म्हणून व्यायाम नको, हेही चूकच: गुडघेदुखीत मांड्यांचे व्यायाम हा उपचाराचाच भाग असतो.

सुरुवातीला जिम लागत नाही. बिनहातांची, पक्की खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर बांधून उठा आणि मनात तीन आकडे मोजत सावकाश बसा. तोल जाईल असं वाटत असेल तर समोर टेबल असू द्या. उठताना श्वास सोडा, कोंडून धरू नका. श्वास कोंडल्याने रक्तदाब एकदम चढतो. अशा दहा-बारा बैठका, थोडं थांबून पुन्हा तेवढ्याच. जोडीला ओट्याला हात टेकून तिरके जोर आणि पाण्याची भरलेली लिटरची बाटली डोक्यावर उचलणं. शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्या पाहिजेत. सगळ्या सहज जमायला लागल्या की भार वाढवायचा: पोटाशी दोन किलोची पिठाची पिशवी धरून उठायचं, पुढे पाच किलोची. हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्याला झालेला त्रास किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. एकेका स्नायूला मधे एक दिवस विसावा द्या. त्या दिवशी चालायला जा.