शजऱ्यात आई कुठे आहे?

गेल्या वर्षी माझ्या भाचीसाठी एक रिश्ता आला. मुलगा शिकलेला, कमावता. दोन्ही घरं पुण्यातलीच. चहापाणी झालं, मुला-मुलीची पसंतीही झाली. मग मुलाच्या फुफींनी विचारलं, "तुमचा शजरा आहे ना?" आमचे पणजोबा विणकर. असा कागद आमच्या घरात कधी नव्हताच. आठ दिवसांनी निरोप आला, खानदान जुळत नाही.

भाची तेव्हा गप्प राहिली. महिन्याभराने मला म्हणाली, "खाला, डीएनए तपासणी करून घेऊ का? नळीत थुंकी भरून पाठवायची असते. आपण कोण, ते एकदाचं कळेल."

मी शाळेत शिकवते. माहीत नसेल तर आधी वाचायचं आणि मग बोलायचं, ही सवय आहे. म्हणून वाचायला बसले.

अशा तपासणीची खरी गरज कोणाला पडते, हे आयर्लंडकडे पाहिलं की कळतं. १८४५ ते १८५२ या काळात तिथे बटाट्यावर रोग पडून भीषण दुष्काळ आला. सुमारे दहा लाख माणसं मेली आणि जवळपास तितकीच देश सोडून गेली. पुढे ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनचं सरकारी दफ्तर जळालं. जुन्या जनगणना, मृत्युपत्रं, चर्चच्या नोंदी यांची राख झाली. अमेरिकेत वाढलेल्या नातवंडा-पणतवंडांना आजोबांचं गाव शोधायला कागद मिळत नाही. त्यामुळे डीएनए जुळणारे दूरचे नातेवाईक शोधून ते माग काढतात.

ही तपासणी तीन वाटांनी चालते. वाय गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाकडे जातं. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडून सगळ्या मुलांना मिळतो. उरलेला सगळा आई-बापांकडून निम्मा-निम्मा येतो. म्हणजे माझ्या भाचीच्या थुंकीत बापाची ती वाट सापडणारच नाही. त्यासाठी तिच्या भावाचा किंवा अब्बांचा नमुना लागेल.

शजरा चालतो तोही याच वाय गुणसूत्राच्या वाटेने: बाप, बापाचा बाप, त्याचा बाप. दहा पिढ्या मागे गेलं, तर त्या एका पिढीत आपल्या पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात. शजऱ्यात त्यांतला एकच असतो. बाकीचे १,०२३ कुठे गेले? आणि त्यांतल्या ५१२ आया?

याचं बोलकं उदाहरण आपल्या कोकणातच आहे. रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आले. तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पुण्यात रास्ता पेठेत त्यांचं प्रार्थनास्थळ आहे. अलिबागजवळ नवगाव इथे जहाज फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची परंपरागत कथा. २०१६ मध्ये त्यांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पश्चिम आशियातल्या ज्यूंशी त्यांचं नातं खरं निघालं. पण इथल्या लोकांचा वाटाही मोठा निघाला, आणि हा संगम १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा ठरला. त्यातही बाहेरून आलेल्यांत बाप अधिक होते, तर इथल्यांत आया अधिक. कथेला समुद्र आठवला, इथल्या आया मात्र ती विसरली.

आपलं काय? २०१० मध्ये भारतातल्या काही मुस्लिम समाजांचा अभ्यास आला. बहुतेकांचा मुख्य वारसा आसपासच्या बिगरमुस्लिम समाजांशी जुळणारा होता. अरबस्तान, पश्चिम आशिया आणि आफ्रिकेचा अंश थोडा. त्याच वर्षी उपखंडातल्या स्वतःला सय्यद म्हणवणाऱ्या पुरुषांचाही अभ्यास आला. त्यांच्यात अरबी खुणा इतरांपेक्षा जास्त दिसल्या, पण सगळे अलीकडच्या एकाच पुरुषाचे वंशज आहेत असं दिसलं नाही. यावरून कुठल्याही एका घराला खोटं ठरवता येत नाही. मात्र शजऱ्याच्या जोरावर दुसऱ्याच्या मुलीला नाकारण्याआधी थोडं थांबायला हवं. सूरह हुजुरातमध्ये कबिले ओळखीसाठी आहेत असं सांगून इज्जतीचं माप तकव्यावर ठेवलं आहे, हे आपण मुलांना शिकवतो. रिश्त्याच्या बैठकीत ते विसरतो.

तपासणी करायचीच असेल, तर काही गोष्टी माहीत असाव्यात. कंपनी सांगते ते टक्के तिच्याकडच्या नमुन्यांशी तुलना करून काढलेला अंदाज असतो. नमुने वाढले की टक्के बदलतात. सख्ख्या बहिणींचेही वेगळे येतात. आपल्याकडे चुलत, मामे, मावस नात्यांत निकाह होतात, त्यामुळे दूरचा नातेवाईकही यादीत जवळचा दिसू शकतो. कधी घरातलं झाकलेलं सत्यही उघडं पडतं. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मी या अमेरिकी कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली, आणि मार्च २०२५ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. आपला डीएनए भावंडांचाही असतो. म्हणून आधी घरात विचारावं.

त्याहून आधी, घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ वही घेऊन बसावं. दादी-नानीचं माहेर कुठलं, तिच्या आईचं नाव काय, कोण कुठल्या गावाहून पुण्यात आलं, हे लिहून घ्यावं. जुने निकाहनामे, शाळा सोडल्याचे दाखले जपावेत. घराण्यात इनाम किंवा वतन असेल, तर पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या मोडी कागदांतही माग लागू शकतो. थुंकी पुढच्या वर्षीही देता येईल. नानी पुढच्या वर्षी असेलच, असं नाही.

भाचीने अजून नमुना पाठवलेला नाही. दर जुम्म्याला मात्र ती नानीजवळ बसते. वहीत आतापर्यंत अकरा बायकांची नावं झाली आहेत, चार गावांची. गेल्या आठवड्यात म्हणाली, "खाला, आता कोणी शजरा मागितला तर ही वही दाखवीन. आणि त्यांना विचारीन, तुमच्या पणनानीचं नाव काय?"