म्युनिकची जत्रा आणि सत्तरीतले पाहुणे

जर्मनीत स्थायिक झालेल्या मुलाकडे किंवा लेकीकडे आईवडील सप्टेंबर महिन्यात राहावयास गेले असतील, तर घरात एक प्रश्न हमखास निघतो : बाबांना ऑक्टोबरफेस्टला न्यायचे का? सून म्हणते, त्यांना मधुमेह आहे. मुलगा म्हणतो, एका ग्लासाने काय होणार? आणि ज्यांच्याविषयी ही चर्चा चालू असते, ते गृहस्थ खिडकीशी बसून आपल्याला काही ऐकूच येत नाही असे दाखवीत असतात. आमच्या मते त्यांना अवश्य न्यावे. मात्र केव्हा न्यावे आणि त्यांच्या पुढ्यात काय ठेवावे, हे त्यांच्यासह बसून घरीच ठरवावे.

ही मुळात जत्राच आहे. १२ ऑक्टोबर १८१० रोजी बव्हेरियाचा युवराज लुडविग आणि राजकन्या थेरेसे यांचा विवाह झाला. त्यानिमित्त म्युनिकच्या वेशीबाहेरील मैदानावर घोड्यांची शर्यत झाली आणि पुढील वर्षी तीत कृषिप्रदर्शनाची भर पडली. मैदानाला वधूचेच नाव मिळाले, थेरेसियनवीझ. नावात ऑक्टोबर असला तरी उत्सव सप्टेंबरच्या मध्यानंतर सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या आरंभी संपतो. प्रवेशाला मूल्य नाही. पाळणे, भाजलेल्या बदामांचा दरवळ, घोड्यांच्या सजवलेल्या गाड्या, चामड्याच्या तोकड्या विजारी घातलेले आजोबा आणि नातवंडे... पाहण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यासाठी घोटभरही प्यावे लागत नाही.

आता त्या ‘एका ग्लासा’विषयी. बिअर तेथे ‘मास’ नावाच्या एक लिटरच्या काचेच्या मगातून मिळते. उत्सवासाठी खास गाळलेल्या या बिअरमध्ये मद्यार्काचे प्रमाण सुमारे ६ टक्के असते. म्हणजे एका मासमध्ये साधारण ६० मिलिलिटर शुद्ध मद्यार्क पोटात जातो. आपल्याकडच्या हिशेबाने हे व्हिस्कीचे जवळजवळ पाच लहान पेग झाले. भरलेला मग दोन किलोंहून जड असल्याने संधिवाताच्या मनगटाला तो उचलणेही शिक्षाच!

मधुमेह असलेल्यांना खरा धोका निराळाच आहे. दोन जेवणांच्या मधल्या वेळात रक्तातील साखर टिकवून धरण्याचे काम यकृत करते. मद्य पोटात गेले की यकृत ते निपटण्यात गुंतते आणि साखर सोडण्याचे काम मंदावते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर साखर एकाएकी खाली येऊ शकते. तीही लगेच नव्हे, कित्येकदा काही तासांनी, झोपेत, दुसऱ्या दिवशी पहाटेही. घाम सुटणे, हात थरथरणे, जीभ जड होणे, तोल जाणे, विनाकारण चिडणे ही तिची लक्षणे. आणि हीच लक्षणे त्या मैदानावर शेकडो माणसांत दिसत असतात! रस्त्यावर असा वृद्ध दिसला, तर कोणीतरी धावून येईल. येथे मात्र ‘आजोबांना जरा जास्त झालेली दिसते’ असे म्हणून लोक हसून पुढे जातील. सोबत असलेल्या मुलाचीही तीच समजूत होऊ शकते, आणि तो वडिलांना ‘थोडे झोपा, उतरेल’ असे सांगेल. ती झोप जिवावर बेतू शकते. म्हणून शंका येताच आधी साखर तपासावी. तपासण्याची सोय नसेल, तर शुद्धीवर असलेल्या माणसाला साखर किंवा गोड पेय द्यावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही घालू नये. ११२ या क्रमांकावर मदत मागावी. ‘मला मधुमेह आहे’ असे जर्मनमध्ये लिहिलेली चिठ्ठी आणि औषधांची यादी खिशात असू द्यावी.

झोपेची गोळी किंवा रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारल्यावाचून मगाला हात लावू नये. मैदानावरील वैद्यकीय केंद्रात २०२२ पासून सीटी स्कॅनचे यंत्र असते. डोके आपटून आलेल्यांची तपासणी तेथल्या तेथे व्हावी, हा त्यामागील हेतू. यावरून काय ते समजावे. पुढ्यात हवी असेल तर बिनमद्याची बिअर मिळते, सफरचंदाचा रस आणि सोडा मिळतो. तेथे कोणी त्याबद्दल भुवई उंचावत नाही; भुवया आपल्याच नातेवाइकांच्या उंचावतात.

वेळ निवडावी ती आठवड्याच्या मधल्या दिवसाची, सकाळची. मंगळवारी कुटुंबांसाठी सवलती असतात. मंडपांमध्ये सायंकाळी सहापर्यंत वाद्यांचा आवाज ८५ डेसिबलच्या आत ठेवण्याचा नियम २००५ पासून आहे. सहानंतर श्रवणयंत्र लावणाऱ्यांचे हाल होतात. बाकांना पाठ नसते, म्हणून कंबरदुखी असलेल्यांनी भिंतीलगतची जागा शोधावी. मैदानाच्या दक्षिणेकडील ‘ओइडे वीझन’ या जुन्या वळणाच्या विभागाला अल्प शुल्क पडते, पण तेथील जुने पाळणे, लोकवाद्ये आणि तुलनेने निवांत वातावरण ज्येष्ठांना अधिक मानवते. मोठी पिशवी आत नेता येत नाही. तीन लिटरहून अधिक मापाची चालत नाही. औषधे, ग्लुकोमीटर आणि साखरेच्या पुड्या लहान बटव्यात बसवाव्यात. प्रॉस्टेटचा त्रास असलेल्यांनी बसण्याआधीच स्वच्छतागृह कोठे आहे ते पाहून ठेवावे. गर्दी वाढली की रांगा लांबतात.

जेवण रिकाम्या पोटाची वाट न पाहता वेळेवर घ्यावे. शाकाहारी व्यक्तीला चीज घातलेले ‘केझेश्पेट्झले’ चालेल. मीठ पेरलेल्या भल्यामोठ्या ब्रेत्सेलवरचे मीठ मात्र रक्तदाब असलेल्यांनी झटकूनच खावे. नातवंडे गळ्यात घालण्यासाठी आल्याच्या चवीच्या केकचे हृदय घेऊन देतील, त्यावर साखरेने प्रेमाची अक्षरे काढलेली असतात. ते फार कडक असते. कवळी असलेल्या आजोबांनी ते गळ्यातच ठेवावे.