दोषांसह हुबेहूब

पेनसिल्व्हेनियातील मॉस टेक्नॉलॉजी या कारखान्यात 1981 साली रॉबर्ट यानेस या तरुण अभियंत्याकडे घरगुती संगणकासाठी ध्वनीची चिप सिद्ध करण्याची कामगिरी आली, तेव्हा अशा यंत्रांचा आवाज खेळातील गोळीबाराची वर्दी देण्यापलीकडे फारसा जात नसे. आणि संगीत ज्यांना कळत नाही अशांनीच त्या चिपा आखल्या आहेत, असे सिंथेसायझरचा मर्मज्ञ असलेल्या यानेसचे स्पष्ट मत होते. मुदत मिळाली ती जेमतेम पाच महिन्यांची. स्वर उपजवणाऱ्या एकाच आंदोलकाकडून आळीपाळीने अनेक स्वर काढून घेण्याची त्याची मूळ तजवीज तेवढ्या अवधीत तडीस जाण्याजोगी नव्हती. म्हणून त्याने एक आंदोलक आखून त्याच्या तीन नकला शेजारी शेजारी मांडल्या, आणि त्या घाईतून जन्मलेली 6581 क्रमांकाची ‘सिड’ ही चिप 1982 साली कमोडोर 64 या संगणकात बसून लक्षावधी घरांत पोहोचली. यानेस पुढे सहकाऱ्यांसह एन्सोनिक ही वाद्यनिर्मितीची कंपनी काढून मोकळा झाला.

या चिपेचा कारभार 29 रजिस्टरांवर, म्हणजे आकडे ठेवण्याच्या कप्प्यांवर, चालतो. त्यांपैकी 25 केवळ हुकूम घेणारी आणि 4 केवळ जबाब देणारी. युरोपातील यंत्रांत सेकंदाला 9,85,248 वेळा प्रत्येक आंदोलक आपल्या 24 बिटांच्या बेरजेत स्वराच्या उंचीचा 16 बिटांचा आकडा मिळवीत जातो, आणि त्या बेरजेच्या वरच्या 12 बिटांतून त्रिकोणी, करवतदाती किंवा चौकोनी तरंग निघतो. चौथा प्रकार निव्वळ गोंगाटाचा. येथपर्यंत सारा मामला अंकगणिताचा आहे. परंतु हे तीन स्वर पुढे ज्या फिल्टरमधून गाळले जातात तो संपूर्णपणे विद्युद्दाबाच्या चढउतारांवर चालतो, आणि या दुहेरी प्रकृतीपायीच सिडची नक्कल करू पाहणाऱ्यांना दोन तपांहून अधिक काळ झुंजावे लागले.

रॉब हबर्ड, मार्टिन गॅलवे, बेन डॅग्लिश या ब्रिटिश संगीतकारांनी या चिपेसाठी रचलेल्या धुना स्वरलिपीत उतरवलेल्या नाहीत, त्या प्रोसेसरने चालवायच्या आज्ञावल्या आहेत. म्हणून एखादी धून आजच्या संगणकावर ऐकवायची तर आधी जुन्या प्रोसेसरचे सोंग हुबेहूब वठवावे लागते, आणि मग तो रजिस्टरांत जे जे लिहितो त्यावर काल्पनिक सिडने वागावे अशी व्यवस्था करावी लागते. मिखाएल श्वेन्ट यांच्या ‘सिडप्ले’ने हे काम लोकप्रिय केले, परंतु घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला चिपेच्या आत काय घडते याचा पद्धतशीर हिशेब मांडला तो डाग लेम यांनी 1999 च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या ‘रीसिड’ने, जी पुढे जुन्या संगणकाचे सोंग वठवणाऱ्या ‘व्हाइस’ या सुविख्यात एम्युलेटरची ध्वनियंत्रणा झाली.

हा हिशेब करताना ध्यानात आले ते असे की, चिपेच्या माहितीपत्रकाबरहुकूम वागणारी सिड खोटी वाटते. माहितीपत्रकात स्वराचा ऱ्हास घातांकी म्हटला आहे. प्रत्यक्षात तो सरळ रेषांचे तुकडे जोडून साधलेला असून स्वराची पातळी 93, 54, 26, 14 आणि 6 या आकड्यांवर उतरते तेव्हा तेव्हा त्याची गती पायरीने मंद होते. याहून विलक्षण गोष्ट ऱ्हासाची गती मोजणाऱ्या 15 बिटांच्या गणकाची: तो ज्या आकड्यापाशी आहे त्याच्या मागचे लक्ष्य मध्येच ठरवून दिले, तर बिचारा 32,768 ठोक्यांची संपूर्ण प्रदक्षिणा घालूनच तेथे येतो, आणि तोवर सुमारे 33 मिलिसेकंद नवा स्वर उमटतच नाही. सेकंदाला 50 वेळा हलणाऱ्या संगीतात ही दिरंगाई कानाला ठेच लावणारी आहे. संगीतकारांनी तोड काढली ती नवा स्वर येण्याच्या क्षणभर आधीच जुना आवरून घेण्याची, आणि हार्ड रीस्टार्ट नावाची ही युक्ती त्यांच्या शैलीत इतकी मुरली की, तो दोष काढून टाकणारा एम्युलेटर त्या धुनांचा ठेकाच बिघडवून टाकतो. दोन तरंग एकाच वेळी निवडले असता काय होते, याला तर साधे सूत्रच सापडेना. आतील तारा एकमेकींना खेचू लागतात. तेव्हा अस्सल चिपेच्या जबाबी रजिस्टरातून एकेक आकडा वाचून त्यांची कोष्टकेच तयार करावी लागली.

फिल्टरची गोष्ट याहूनही अवघड. 6581 मधील ट्रान्झिस्टर रोधाचे काम करतात आणि त्यांचे गुणधर्म कारखान्यातील प्रत्येक घाण्यागणिक बदलत; त्यामुळे मिरजेच्या एकाच कारागिराने घडवलेल्या दोन तंबोऱ्यांची जवारी जशी वेगळी बोलते, तशा एकाच आठवड्यात निघालेल्या दोन सिडही एकच धून एकीने मंद्र, घुसमटल्यासारखी, तर दुसरीने उघडी, कर्कश अशी ऐकवू शकत. मग नक्कल करायची ती कोणाची? रीसिडच्या उत्तरकालीन आवृत्तीत ट्रान्झिस्टरांची समीकरणेच सोडवून उत्तरे कोष्टकांत भरलेली आहेत. हा मार्ग मला कष्टाचा तरी प्रामाणिक वाटतो, कारण त्यात कानाला बरे वाटेल ते ठोकून देण्याची सोय नाही.

त्यातच नंतर आलेली 8580 ही सुधारलेली चिप 12 ऐवजी 9 व्होल्टांवर चालते आणि तिचा फिल्टर बराच नियमित आहे. पण 6581 च्या ध्वनिपातळीच्या रजिस्टरात आकडे भराभर पालटले की जो ठोका ऐकू येई, आणि ज्या उणिवेवर स्वार होऊन धूर्त प्रोग्रामरांनी ढोलाचे व बोलण्याचे ध्वनिमुद्रित आवाज वाजवले, तो ठोका या सुधारणेत जवळजवळ नाहीसा झाला. जुने खेळ नव्या यंत्रावर अर्धमुके झाले. म्हणून जतन केलेल्या धुनांच्या फाइलींत आज रचना 6581 साठी आहे, 8580 साठी आहे की दोन्हींसाठी, अशी नोंद करण्यास जागा ठेवलेली असते. मूळ संगीतकाराच्या मेजावरची 6581 नेमकी कोणत्या प्रकृतीची होती, हे नोंदवण्यास मात्र तेथे रकाना नाही. तेवढ्यापुरती एम्युलेटरात फिल्टर गडद वा उजळ करण्याची एक पट्टी दिलेली असते, आणि ती कोठे थांबवायची हे ऐकणाऱ्याने ठरवायचे.