‘नेहमीचं द्या’ यावर पेटंट?

काशीत शिंदे घाटाशेजारी संकठा घाट आहे. समजा, तिथल्या संकठादेवीच्या दर्शनाला तुम्ही रोज जाता. फुलवाल्याला ‘नेहमीचं द्या’ म्हटलं की पुडी हातात येते आणि पैसे तुमच्या खात्यावर मांडले जातात.

हीच रीत संगणकावर आणली, तर तो नवा शोध ठरेल का? अमेरिकेत ठरला. सप्टेंबर १९९९ मध्ये ॲमेझॉनला एका क्लिकमध्ये खरेदीचं पेटंट मिळालं. ग्राहकाचा पत्ता आणि कार्डाचा तपशील आधीच साठवलेला. बटण दाबलं की मागणी नोंदली जाते. त्यावरून बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्या कंपनीवर दावा झाला आणि डिसेंबरमध्ये न्यायालयाने तिला तात्पुरती मनाई केली. ती २००१ मध्ये उठली, पण पेटंट २०१७ पर्यंत टिकलं.

अडचण कुठे आहे?

पेटंटसाठी कल्पना नवी हवी आणि जाणकाराला सहज सुचणारी नसावी. पण तपासनीस मुख्यतः जुनी पेटंटं आणि प्रसिद्ध झालेलं लेखन पाहतो. कुणी लिहूनच न ठेवलेली रोजची युक्ती त्याला सापडणार कशी?

हळदीचा धडा

१९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट दिलं गेलं. आपल्याकडे हे प्रत्येक आजीला ठाऊक! गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. संस्थेने १९९६ मध्ये आव्हान दिलं. नुसतं ‘आजी सांगायची’ म्हणून भागणार नव्हतं. जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एक वैद्यकीय लेख धरून ३२ लेखी संदर्भ दिले, तेव्हा १९९७ मध्ये दावे फेटाळले गेले.

आपल्या हाती काय?

भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार निव्वळ संगणक प्रोग्रॅम किंवा व्यवसायाची पद्धत यांवर पेटंट मिळत नाही. २००४ च्या वटहुकमाने ही अट सैल केली होती; २००५ मध्ये संसदेने ती सवलत वगळली. तरीही ‘तांत्रिक परिणाम’ दाखवून सॉफ्टवेअरचे अर्ज येतच असतात.

अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून मंजुरीपर्यंत कोणीही लेखी हरकत घेऊ शकतो. म्हणून घरातल्या कुणी ॲपसाठी छानशी युक्ती शोधली आणि तिच्यावर पेटंट घ्यायचं नसेल, तर ती तारखेसह जाहीरपणे लिहून ठेवा. उद्या कुणी तीच स्वतःची म्हणून सांगितली, तर तोच कागद पुरावा होईल.